जन्मस्थळाचा रकाना

मी फॉर्म भरतो.
नोत्से गावाबाहेर पत्र्याची लांब शेड,
चौसष्ट डबे, डब्यात एकेक इंगळी.
काळी, पण नुसती काळी नव्हे,
तापून निवालेल्या लोखंडावर निळसर झाक येते तशी.
माझ्या तळहाताहून लांब.

आकोफा आणते त्या.
झेमिजानच्या मागच्या सीटवर, मांडीवर झाकलेली टोपली.
वारूळ फोडत नाही ती. बाजूने उकरते,
दंडापर्यंत हात आत घालते,
आणि शेपटीचं टोक चिमटीत धरून बाहेर ओढते,
रताळं उपटावं इतक्या सहज.
"नांगीला काय भ्यायचं?
थोराड झाली की ही नांगी उगारायचाही कंटाळा करते.
चिमटे बघ हिचे, चिमटे."
अंगठ्यावरचा जुना वण दाखवते.

पोटुशी असली तर पाचशे फ्रँक जास्त.
पोट कुशीशी उसवतं,
काळ्या पट्ट्यांमधून फिकट कातडी डोकावते.
बारा बारा महिने वाहते ही.
"माझ्यापेक्षा तीन जास्त," आकोफा म्हणते,
आणि भाव वाढवून मागते.

मग कधीतरी पहाटे डबा उघडावा
तर पाठीवर शितं सांडल्यासारखी पिल्लं,
पांढरी, मऊ, एकमेकांच्या पायांत पाय.
पहिली कात टाकेपर्यंत खाली उतरत नाहीत.
विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, खरंच आहे ते.
फक्त पाठीखालची जमीन आता आमची.

मी मोजतो. अठरा. बावीस. एकदा एकतीस.
लिहितो: जन्मस्थळ, ही शेड.
रानातून पकडलेली? नाही.
एक अक्षर खोटं नाही त्यात.
शिक्का बसतो, खोकी लोमेच्या विमानतळावर जातात,
पुढे कुठल्याशा थंड देशात काचेच्या पेटीत
एखादं पोर त्यांना नाव ठेवत असेल.

आयांना परत सोडायचं, असा नियम आहे.
सोडतोही. डोव्लोचा ट्रक चौदाव्या किलोमीटरला थांबतो,
कारण तिथवरच्या डिझेलचे पैसे मिळतात.
दोन्ही बाजूंना कापूस. कापसावर फवारा.
वारूळ औषधालासुद्धा नाही.
तो पोतं उलटं करतो, गाडी वळवतो.

गेल्या हंगामात आकोफाच्या टोपलीत
इंगळ्यांशेजारी दुधाचे रिकामे डबे होते,
प्रत्येकात मूठभर माती, तोंडाला चिंधी.
लाल चिंधी म्हणजे मामाच्या सुरणाच्या रानातलं वारूळ,
निळी म्हणजे ओढ्याकडचं,
गाठ मारलेली म्हणजे पडक्या शाळेमागचं.
"जिची तिला तिकडेच सोड."
मला वाटलं, दया आली बाईला.
"दया कसली? पुढच्या साली
रिकाम्या बिळात हात घालून काय काढू,
माझाच हात?"

त्या दिवशी फॉर्मवर मी पट्टीने
एक रकाना वाढवला. वारूळ कुठलं.
लोमेहून कागद परत आला:
नमुन्यात फेरफार करू नये.
आता तो रकाना माझ्या वहीत आहे.
वहीला शिक्का लागत नाही.

हरमाटनच्या धुळीत ओठ फुटतात अशी रात्र.
मामाचं रान. माझ्या हातात जांभळी बत्ती.
तिला खाली ठेवलं, बत्ती टाकली,
आणि ती सगळीच्या सगळी पेटली,
हिरवी, निळी, पाण्याखालून चंद्र दिसावा तशी.
पोटाखालचे दोन कंगवे मातीवरून फिरले.
थांबले. पुन्हा फिरले.
ओळखलं की नाही, सांगायला मार्ग नाही.

"बंद कर ते," आकोफा म्हणाली,
"तिला नको असतो उजेड."

बंद केली.
मग काळोखात काळी इंगळी, काय दिसणार?
वाळक्या पानावर एक करकर,
मग बिळाच्या तोंडाशी थोडी माती ढासळल्यासारखी.
आकोफाने डब्यातली उरलेली माती तिथेच झटकली,
चिंधी घडी करून कनवटीला लावली,
रिकामा डबा टोपलीत टाकला,
आणि वारुळाच्या कडेला, न बोलता,
एक दगड ठेवला,
पुढच्या साली चटकन सापडावं म्हणून.